अकरा जणींच्या काचा

“हे असं,” मी डाव्या हाताची मूठ सैल वळली आणि उजव्या हातातली कापसाची लांब काडी तिच्यात सरकवली. “दोन पेरं आत घालायची. दहा आकडे म्हणेपर्यंत गोल फिरवायची. बाहेर काढली की या नळीत टाकायची, बूच लावायचं. संपलं.”

समोर अकरा बायका. मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि सगळ्याच सुटल्या.

“लगीन झालंय का गं तुझं?” मंदाक्कानं विचारलं.

“नाही.”

“मग दोन प्यारं का तीन प्यारं, तुला काय ठावं!”

अगं मैत्रिणींनो, तुम्हीसुद्धा हसताय! माझे कान असले तापले होते, वाटलं हातातल्या सगळ्या नळ्या तिथंच टाकाव्यात आणि गडहिंग्लजची एसटी पकडावी.

पाच वर्षं झाली याला. आठवतंय ना, एमएस्सीचा निकाल लागला आणि महिन्याभरात मला चंदगडकडे नोकरी लागली? मी ग्रुपवर मेसेज टाकला होता, ‘आपल्या हातून काहीतरी मोठं होतंय’ म्हणून. तुम्ही सगळ्यांनी टाळ्यांचे हात पाठवले होते. त्यानंतर मी त्यावर एक अक्षर बोलले नाही आणि तुम्हीही विसरलात. तर काय झालं होतं ते आज सांगते. फक्त बायकांची नावं बदललीत, खरी विचारू नका.

माझ्या मॅडम होत्या डॉक्टर मुजावर. तालुक्याच्या दवाखान्यात बायकांच्या डॉक्टर. तिथं बऱ्याच बायका तीन महिन्यांची सुई घ्यायला यायच्या, दिवस राहू नयेत म्हणून. कितीतरी जणींच्या घरी पत्ताच नसायचा. बाजाराला जाते म्हणून निघायच्या, सुई घ्यायच्या, मेथीची जुडी घेऊन परत. आणि त्यातल्या काही जणी कधीतरी हळूच मॅडमना सांगायच्या, अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय. मॅडमच्या डोक्यात तेच घोळत होतं. सुईमुळे होतं, का आपलं असंच होतं?

म्हणजे बघा, तिथं आपले चांगले जंतू असतात ना, ते आंबटपणा तयार करतात. दह्यातल्या जंतूंचे चुलतभाऊच. ते भरपूर असले की बाहेरच्यांना थारा मिळत नाही आणि अंगातली प्रतिकाराची फौजही गप झोपून राहते. ते कमी झाले की भलते जंतू पसरतात, फौज जागी होते, आतलं अस्तर हुळहुळं होतं आणि मग दुसरे मोठे आजार शिरायला वाट मिळते. सुईतल्या हार्मोननं या चांगल्या जंतूंचं खाणं कमी होतं का, असा मॅडमचा प्रश्न होता. जगात यावर पुष्कळ लोक काम करतायत, पण आपल्याकडच्या, हातावर पोट असलेल्या बायकांचं कोण बघतंय?

म्हणून काजूची फॅक्टरी. तिथं एका छपराखाली सुई घेणाऱ्या अकरा जणी मिळाल्या, एकमेकींना धरून दवाखान्यात येणाऱ्या. सुई न घेणाऱ्या दुसऱ्या जणींचे नमुने आम्ही आधीच घेतले होते. मालकानं जेवणाची सुट्टी अर्धा तास वाढवून दिली होती आणि मागचं पत्र्याचं न्हाणीघर.

तर मी नळ्या वाटायला लागले. प्रत्येकीवर नंबर. नऊ नंबरची नळी दिली ती रेणुकाला. सव्वीस-सत्तावीसची असेल, बारीक, नाकात मोरणी. बाकीच्या हसत होत्या तेव्हा ही हसत नव्हती. नळी हातात घेऊन तिनं मला जरा बाजूला ओढलं.

“ताई, ह्यात काय खराब निघालं तर सुई बंद करणार व्हय?”

“छे, कशाला बंद करतील?” मी म्हटलं. मला माहीत होतं का? काही नाही! मी जंतूवाली, डॉक्टर थोडीच. पण मी बोलून मोकळी.

“माजी येत्या मंगळवारी हाय,” ती म्हणाली. “चुकून चालायचं न्हाई. दोन पोरी हायत. धाकटीच्या येळंला येवडं रगत गेलं, तीन बाटल्या चढवल्या. डॉक्टर म्हणाल्यात, आता पुन्यांदा दिवस ऱ्हायले तर आमी काय सांगू शकत न्हाई. घरात मात्र सासू रोज इच्यारती, पोरगा कवा.”

“मग ऑपरेशन?”

“त्याला नवऱ्याला बरुबर न्यावं लागतं म्हणत्यात. तो येतोय व्हय!”

तसं काही लागत नाही, पण हे मला त्या दिवशी कुठं माहीत होतं. मी आपली “काळजी नको” म्हणून तिच्या खांद्यावर थोपटलं आणि पुढच्या नळीकडे वळले.

मंदाक्का सगळ्यात आधी न्हाणीघरात गेली. चाळिशीला आलेली, तोंडाळ, पॅकिंगमध्ये होती. आत गेली ती गेलीच. दुसरी गेली, बाहेर आली. तिसरी गेली, आली. मंदाक्का आतच. मी विचारलं तर रांगेतली एक म्हणाली, “आक्का समद्यांस्नी दावतीया, कसं करायचं ते.” मला इतकं भरून आलं! शेवटी ती बाहेर आली तेव्हा मी तिला थँक्यू म्हटलं, माझ्या डब्यातली चिक्की दिली वर.

“असूदे गं,” ती म्हणाली. “कंबर आखडली पर माजी.”

दवाखान्यात मागच्या खोलीत माझा मायक्रोस्कोप होता. रात्रभर थांबायची तयारी नव्हती, मी त्याच संध्याकाळी काचा रंगवल्या. काचपट्टीवर नमुना पुसायचा, वाळवायचा, जांभळा रंग द्यायचा, धुवायचा, बघायचं. पहिली काच लावली आणि काय सांगू तुम्हाला! जांभळ्या लांब-लांब काड्या, म्हणजे आपले ते चांगले जंतू, सगळीकडे, पुस्तकात छापतात तशा. एकही भलता जंतू नाही. दुसरी काच. तश्शीच. तिसरी, चौथी. अकरावीपर्यंत पोहोचले, तरी तेच. अकराच्या अकरा सुंदर! सुई न घेणाऱ्यांच्या काचा मी आधीच बघितल्या होत्या, त्यात कशा सगळ्या तऱ्हा होत्या, चांगल्या, मधल्या, वाईट. आणि सुईवाल्या सगळ्या एक नंबर! म्हणजे सुईनं बिघडतं म्हणणारे सगळे गेले उडत. सुईनं तर सुधारतं! मी तिथल्या तिथं ग्रुपवर टाकलं. बाबांना फोन केला. पुण्याच्या परिषदेत पोस्टर लावायचं, त्याचा रंगसुद्धा ठरवून टाकला.

सकाळी मॅडमना ओढतच आणलं. त्यांनी पहिली काच बघितली. दुसरी बघितली. पाचव्या काचेला त्या थांबल्या.

“संयू, या कोपऱ्यातली पेशी बघ. कडेला दुमडलीय. अशी दुमडलेली पेशी दुसऱ्या काचेतही होती ना?”

“हो, सगळ्यांतच आहेत.”

“अकरा सख्ख्या बहिणींचे तरी इतके सारखे निघतील का गं?” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मला हे एकाच बाईचं वाटतंय.”

“असं कसं मॅडम, मी स्वतः नळ्या दिल्या.”

“नळ्या तू दिल्यास. भरल्या कुणी?”

मला असं वाटलं, कुणीतरी पायाखालचं फळकूट काढलं. न्हाणीघर. मंदाक्का. कंबर आखडली पर माजी.

दुपारी सुट्टीच्या आधीच मी फॅक्टरीत हजर. कटिंगच्या शेडमध्ये पहिल्यांदाच आत गेले, आदल्या दिवशी बाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. ओळीनं बायका बसलेल्या, एका पायानं दांडा दाबायचा, बी फोडायची, गर बाहेर काढायचा. धूर आणि असा एक तिखट वास, डोळ्यांत जाणारा. मंदाक्का पाणी प्यायला आली होती. मी थेट विचारलं. लपवायचं तिच्या मनातही नव्हतं.

“व्हय, मीच दिलं समद्यांचं. अकरा काड्या! आता तूच म्हण, कंबर आखडंल का न्हाई?”

“पण का?”

तिनं शेजारच्या कटिंगवालीचा हात धरला आणि माझ्या नाकासमोर आणला. बोटं काळी ठिक्कर. टोकांची साल निघालेली, खाली गुलाबी.

“काजूच्या टरफलाचं त्याल हाय हे. साबणानं जात न्हाई, राखेनं जात न्हाई. ह्या हातानं डोळ्याला लावलं तर दोन दिस डोळा उघडत न्हाई. आनि तू सांगतीस, ह्या हातानं तितं काडी घाला.”

अख्खा अभ्यास, तीस पानांचा अर्ज, त्याच्यावर पाच सह्या, आणि एकानंही बायकांच्या हातांकडे बघितलं नव्हतं! मीही नाही. मूठ वळून दाखवत होते, माझी गोरीगोमटी मूठ.

“पॅकिंगला माजे हात सोच्छ,” मंदाक्का म्हणाली. “म्हटलं, तुजा बी खोळंबा नको. आनि बाईमाणसाचं समदं सारकंच की! त्यात काय माजं न् तुजं?”

हसावं का रडावं? मी हसले. शेडमधल्या सगळ्या हसल्या. म्हटलं, सोमवारी फॅक्टरी बंद असते, रविवारी रात्री हाताला खोबरेल लावा, सकाळी दवाखान्यात या, मी हातमोजे आणते, तेव्हा परत करू. झालं, सुटलं सगळं, असं वाटून मी निघाले सुद्धा.

आणि फाटकाशी रेणुका भेटली. डोक्यावरचं फडकं सोडून झटकत होती. तिच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. स्वच्छ. नखंसुद्धा स्वच्छ. ती कटिंगला नव्हतीच, आतल्या टेबलाशी बसून गरावरची तांबडी साल काढायची, चाकूनं.

“रेणुका, तुझे हात तर चांगले आहेत,” मी म्हटलं. “तू का नाही दिलंस तुझं?”

तिनं आजूबाजूला बघितलं. मग मला फाटकाच्या मागं, टरफलांची पोती रचलेली होती तिथं नेलं.

“हातांचं मीच सुचवलं आक्काला,” ती म्हणाली. “कटिंगवाल्यांचं खरंच हाय, हात जळत्यात. पर माज्या डोस्क्यात दुसरं हुतं. मला लई दिस जातंय, ताई. पांढरं. मासळीवानी वास. नवरा बाहीर पडवीत झोपतो, म्हणतो उलटी येती. सासू म्हणती बाहेरचं काय लागलंय. मी रोज दोनदा आतनं साबणानं धुते, तरी जात न्हाई.”

“अगं, साबणानं तर आणखी वाढतं! दवाखान्यात का नाही सांगितलंस?”

“माज्या जावंनं तांबी बशिवली हुती. तिला असंच व्हाय लागलं. कुटल्या तरी डॉक्टरनं बघितलं, तांबी काढून टाकली, म्हणाला आता बसवायची न्हाई. दुसऱ्याच म्हयन्यात दिवस गेले. ती तगली. माजं तसं न्हाई. वास सोसवंल मला. मरण न्हाई सोसायचं. पोरी ल्हान हायत.”

एक काडी माझ्या पर्समध्ये होती. मी काढली. “मी एकटी बघते. कुणाला सांगणार नाही.”

“मॅडमला बी न्हाई?”

“मॅडमना पण नाही. शप्पथ.”

तिनं माझ्याकडे इतका वेळ बघितलं, की मला वाटलं नाहीच म्हणेल. मग काडी घेतली आणि न्हाणीघराकडे गेली.

ती काच मी दार लावून बघितली. जांभळ्या काड्या शोधायला लागत होत्या, चार-दोन कुठंतरी कोपऱ्यात. बाकी सगळं बारीक ठिपके, आणि पेशी कशा दिसत होत्या माहितीये? माशाची तुकडी रव्यात घोळवून तळायला ठेवतात ना, तशा, चहूबाजूंनी ठिपक्यांनी माखलेल्या. अशी पेशी दिसली की नाव द्यायला वेळ लागत नाही. साधा बिघाड, औषधानं जाणारा. पण औषध मी देणार? मी कोण? आणि औषध न देता तिला तसंच ठेवलं तर तो बिघाड वर गर्भाशयापर्यंत चढणार नाही कशावरून? आणि मॅडमना सांगितलं तर? खरंच सुई थांबवली तर?

शुक्रवार गेला. शनिवार गेला. मला जेवण जाईना. तुम्हाला माहितीये मी कशी आहे ते, माझ्याकडून सरप्राइज वाढदिवससुद्धा लपत नाहीत. रविवारी सकाळी मी मॅडमच्या घरी गेले. त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी उभ्या-उभ्या सगळं ओतलं, आणि शेवटी रडायलाच लागले.

मॅडमनी हातातली चादर बालदीत परत टाकली.

“शपथ घ्यायचा अधिकार तुला कुणी दिला?”

“चुकलं मॅडम.”

“तुझ्या शब्दावर तिनं काडी दिली. आता तो शब्द तू मोडलास. उद्या तिनं दवाखान्याची पायरी चढायचं बंद केलं तर? वासावर औषध नाही, सुई नाही, काहीच नाही आपल्या हातात.”

“सुई बंद करावी लागेल का?”

“यासाठी?” मॅडम माझ्यावर जवळजवळ ओरडल्याच. “सात दिवसांच्या गोळ्या आहेत त्याला. यासाठी कोण सुई बंद करतं? तिला दिवस राहणं हा खरा धोका आहे. सुईनं तिचे जंतू कमी झाले, का साबणानं, का दोन्हीनं, ते मला आज सांगता येत नाही. तेच तर शोधतोय आपण. पण सुई थांबवायची नाही, एवढं सांगता येतं.”

“मग मी आत्ताच जाऊन तिला सांगते!”

“कुठं जाशील? घरी? सासूसमोर? तू जरा गप्प बसायला शीक.” मग त्यांचा आवाज खाली आला. “वाट बघ मंगळवारची. येईल तर येईल.”

सोमवारी दहा जणी आल्या, हाताला खोबरेल चोपडून, मोजे घालून, एकमेकींना कोपरखळ्या मारत. रेणुका नाही. मी मंदाक्काला विचारलं तर म्हणाली, “तिच्या घरात पावणं हायत.”

मंगळवारी ओपीडीत मी सकाळी नऊपासून बाकाच्या टोकाला. दहा वाजले, अकरा वाजले. बाजाराच्या बायका आल्या, गेल्या. साडेबाराला सिस्टर औषधाची पेटी बंद करायला लागल्या. मॅडम बाहेर येऊन माझ्याकडे बघून आत गेल्या. मी मनात ठरवलं होतं, ही आली नाही तर मी नोकरी सोडणार. खरंच सांगते.

एक वाजायला पाच मिनिटं असताना ती आली. पिशवीत कांदे, कोथिंबीर. घामाघूम. माझ्याकडे बघितलं नाही, सरळ मॅडमच्या खोलीत गेली. मीही मागोमाग शिरले.

मॅडमनी तिला बसवलं, पाणी दिलं. “रेणुका, संयूनं मला सांगितलंय,” त्या म्हणाल्या. आडपडदा नाही, काही नाही. मी भिंतीकडे बघत उभी. “या गोळ्या. सात दिवस, जेवणानंतर. आतून साबण बंद, साधं पाणी, तेही बाहेरून. आठ दिवसांनी मला दाखवायचं. सुईचं कार्ड इथंच राहील, घरी न्यायचं कारण नाही. आणि ऑपरेशन करायचं असेल कधी, तर नवऱ्याची सही लागत नाही. ठरवशील तेव्हा सांग. आता दंड पुढे कर.”

“सुई?”

“मग कशासाठी आलीस?”

रेणुकानं पदर सरकवला. सिस्टरनी सुई टोचली. तिनं डोळे मिटले नाहीत, सुई आत जाताना बघत राहिली, पार शेवटच्या थेंबापर्यंत. मग कापूस दाबून धरला.

व्हरांड्यात मी तिला गाठलं. “रेणुका, मला माफ कर गं. मी शप्पथ घेतली होती, मला नाही राहवलं, मी...”

“अगं, थांब की जरा, दम घे.” ती पहिल्यांदाच हसली, दात दिसतील असं. “तुज्या तोंडात तीळ भिजत न्हाई, हे मला पैल्याच दिवशी कळलं. अकरा जणींत कुनाचं काय, कुनाला किती पोरं, समदं तू घटकाभरात बोलून मोकळी. म्हणून तर तुला सांगितलं.”

“म्हणजे?”

“मॅडमच्या म्होरं माजं त्वांड उघडलं नसतं. चारदा आले हितं, चारदा तशीच परत गेले.” तिनं पिशवी काखेत धरली. “म्हटलं, ही पोरगी पोचवंल. पर लई दिस लावलंस बाई. मला वाटलं, तासाभरात सांगशील.”

आणि एसटी सुटायची म्हणून ती धावतच गेली.